दूर राहून एकत्र प्रार्थना: ती खरोखर मंडळीची प्रार्थना ठरते का?

प्रश्न: सदर, नागपूर येथील एक सभासद

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, सदर भागातील आहे आणि दर बुधवारी संध्याकाळी कोणा एका सभासदाच्या घरी प्रार्थनासभा भरवण्याची रीत आमच्याकडे आईवडिलांच्या पिढीपासून चालत आलेली आहे. एक गीत, एक स्तोत्र, थोडे शास्त्रवाचन, मग एकेकाने मोठ्याने केलेली प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून म्हटलेली प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, असा तिचा साधा क्रम असतो. गेल्या काही वर्षांत मात्र या सभेतील माणसे पांगली आहेत. तरुण मंडळी नोकरीसाठी पुण्याला गेली, एक कुटुंब दुबईला आहे, एक भगिनी इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून काम करते, आणि जी वडीलधारी माणसे नागपुरातच आहेत त्यांच्यापैकी काहींना आता जिना उतरणेही शक्य होत नाही. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात तर धडधाकट माणसेही सूर्य मावळेपर्यंत घराबाहेर पडत नाहीत.

ही सभा बंद पडू नये अशी सर्वांचीच इच्छा आहे. मार्गाविषयी मात्र मतभेद आहेत. काहींना व्हिडिओ कॉलवर सभा घ्यावी असे वाटते. काहींचे म्हणणे असे की कोणतेही उपकरण नको, रात्री नऊची वेळ ठरवावी आणि ज्याने त्याने आपल्या घरी त्याच विषयांसाठी गुडघे टेकावेत. आमच्या एका ज्येष्ठ बंधूंना मात्र हे दोन्ही मार्ग मान्य नाहीत. दोघे किंवा तिघे प्रभूच्या नावाने जमतात तेथे तो असतो, असे शास्त्र सांगते, आणि जमणे म्हणजे देहाने एका जागी येणे, असे ते आग्रहाने सांगतात.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या देशांतून केलेली प्रार्थना मंडळीची प्रार्थना मानण्यास शास्त्रात आणि ख्रिस्ती परंपरेत आधार आहे का? आणि ज्यांनी अशी सभा प्रत्यक्ष चालवली आहे त्यांनी ती कशी चालवली? आम्ही एकदा कॉलवर प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सर्वांचे आवाज एकमेकांत अडकून एकही वाक्य धड ऐकू आले नाही.

उत्तर: कामठीचा वाचक

ताई, सलाम. तुमच्या ज्येष्ठ बंधूंची शंका हलक्याने घेण्याजोगी नाही. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायाचे ते विसावे वचन एकोणिसाव्या वचनाला जोडून वाचावे, अशी माझी विनंती आहे. तेथे पृथ्वीवर दोघांनी एखाद्या गोष्टीविषयी एकचित्त होऊन मागणे मागितले तर ते पित्याकडून मिळेल, असे अभिवचन आहे. त्या जमण्याचा गाभा या एकचित्ततेत आहे. एकाच दिवाणखान्यात बसलेली दहा माणसे दहा निरनिराळ्या चिंता मनात घेऊन उठून जाऊ शकतात, आणि हजार कोसांवरची दोन माणसे एकाच आजाऱ्यासाठी एकच मागणे मागू शकतात.

आता शास्त्रातील उदाहरणे पाहा. बाबेलमध्ये असलेला दानीएल यरुशलेमेच्या दिशेच्या खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीन वेळा प्रार्थना करीत असे. प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायात पेत्र आणि योहान नवव्या तासाला, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास, प्रार्थनेच्या वेळी मंदिरात जातात. आणि दहाव्या अध्यायात कैसरियातील रोमी शताधिपती कर्नेल्य आपल्या घरी त्याच नवव्या तासाला प्रार्थना करीत असताना त्याला दर्शन होते. यरुशलेमेतील मंदिरात जी वेळ पाळली जात होती, तीच तो दूरच्या शहरात राहून पाळत होता. प्रेषित पौल कलस्सै शहरातील मंडळीला लिहितो की तो देहाने दूर असला तरी आत्म्याने त्यांच्याजवळ आहे. आणि त्याच अध्यायाच्या आरंभी, ज्यांनी त्याचे तोंडही पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आपण किती झटतो, हेही तो सांगतो. त्या पत्राच्या शेवटी एपफ्रासाचा उल्लेख आहे. तो कलस्सैचाच माणूस, पण त्या वेळी गावापासून दूर पौलाजवळ होता, आणि आपल्या गावच्या मंडळीसाठी सर्वदा प्रार्थनेत जीव तोडून झटत होता. पुण्याला गेलेल्या तुमच्या तरुणांना हे एक वाक्य अवश्य वाचून दाखवा.

परंपरेतील एक जुना प्रश्न तर तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. अकराव्या शतकात इटलीतील एका एकांतवासी साधूने पीटर डेमियन या विद्वान मठवासी धर्मगुरूंना विचारले होते की, खोलीत एकट्याने उपासना म्हणताना ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ हे वाक्य आणि त्याचे उत्तर म्हणावे की गाळावे. कारण समोर तर कोणीच नसते. डेमियन यांनी ते म्हणावे असे सांगितले. ख्रिस्ताची मंडळी अनेकांमध्ये एक आहे आणि पवित्र आत्म्याच्या योगे प्रत्येकामध्ये ती संपूर्ण आहे, म्हणून एकटा माणूसही मंडळीच्या वतीने बोलतो आणि मंडळीच्या वतीने उत्तर देतो, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या आपल्या विश्वासाच्या कबुलीत, आपण पवित्र जनांच्या सहभागितेवर विश्वास ठेवतो असे म्हणतो, तेव्हा आपणही हेच कबूल करीत असतो.

प्रॉटेस्टंट इतिहासात ठरवून केलेल्या अशा प्रार्थनेची मोठी उदाहरणे आहेत. जर्मनीतील हर्नहूट येथील मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीने १७२७ मध्ये दिवसरात्रीचे तास आपसांत वाटून घेऊन अखंड मध्यस्थीची प्रार्थना सुरू केली आणि ती शंभरहून अधिक वर्षे चालू राहिली. १७४४ मध्ये स्कॉटलंडमधील काही पाळकांनी असा करार केला की, आपापल्या गावी राहून दर शनिवारी संध्याकाळी, दर रविवारी सकाळी आणि प्रत्येक तिमाहीच्या पहिल्या मंगळवारी सर्वांनी पवित्र आत्म्याच्या वर्षावासाठी प्रार्थना करावी. (याच स्कॉटलंडहून पुढे १८४५ मध्ये मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले.) अमेरिकेतील पाळक जोनाथन एडवर्ड्स यांनी या कराराला पाठिंबा दिला तेव्हा त्यांना एका आक्षेपाला तोंड द्यावे लागले: घड्याळ जुळवल्याने देव अधिक ऐकतो काय? त्यांचे उत्तर मला फार प्रामाणिक वाटते. एकच वेळ पाळल्याने देवावर काही जोर चालतो असे मानण्याचे कारण नाही, हे त्यांनी मान्यच केले. परंतु दूरवरचे आपले बंधू या घटकेला याच कामात गुंतलेले आहेत, हे ठाऊक असल्याने माणसाच्या मनाला उत्साह येतो, आणि माणसाचा स्वभाव देवानेच असा घडवलेला आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्या देशातील उदाहरण लुधियानाचे आहे. तेथील अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी १८५८ मध्ये जगभरच्या ख्रिस्ती लोकांना आवाहन केले की, जानेवारी १८६० चा दुसरा आठवडा सर्वांनी आपापल्या ठिकाणी प्रार्थनेत घालवावा. पत्रे आगबोटीने जाण्याचा तो काळ होता, तरीही आवाहन देशोदेशी पोहोचले, आणि पुढे इव्हँजेलिकल अलायन्स या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांच्या संघटनेने जानेवारीतील प्रार्थना-सप्ताहाची प्रथा चालू ठेवली. त्यांच्यापाशी कोणतेही उपकरण नव्हते. ठरलेला दिवस आणि ठरलेला विषय होता. म्हणून रात्री नऊला आपापल्या घरी गुडघे टेकण्याचा तुमच्यातील काहींचा प्रस्ताव कमी प्रतीचा आहे, असे मुळीच समजू नका.

उत्तर: जरीपटका येथील प्रार्थना-संयोजिका

मी आमच्या महिला मंडळाची सभा कॉलवर चालवते, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

आवाज अडकण्याचा दोष तुमच्याकडे नाही. इंटरनेटवरून आवाज पोहोचायला सेकंदाचा काही अंश लागतो, आणि हा विलंब प्रत्येकाच्या जोडणीनुसार कमीजास्त असतो. शिवाय बहुतेक ॲप एका वेळी एकाच बोलणाऱ्याचा आवाज पुढे आणतात आणि बाकीचे आवाज दाबतात. त्यामुळे दहा जणांनी एका सुरात प्रभूची प्रार्थना म्हणणे कॉलवर शक्यच होत नाही. उपाय असा की एकाच व्यक्तीने ती सावकाश म्हणावी, बाकी सर्वांनी आपला माइक बंद ठेवून आपल्या घरात ती मोठ्याने म्हणावी. मनात म्हणू नये, मोठ्यानेच म्हणावी. ओठ हलले नाहीत तर माणूस हळूहळू नुसता श्रोता होऊन बसतो. गीताचेही तसेच. ज्यांचा आवाज स्थिर आहे अशा एकीने गावे, बाकीच्यांनी तिच्याबरोबर आपापल्या खोलीत गावे, आणि पेटी-तबला त्या दिवशी बाजूला ठेवावा.

आळीपाळीने वाचण्याची स्तोत्रे कॉलवर फार चांगली चालतात, कारण त्यांत एका वेळी एकच आवाज लागतो. स्तोत्र १३६ मध्ये सव्वीसही वचनांच्या शेवटी देवाची दया सनातन आहे हे पालुपद येते; पहिला भाग एकाने वाचावा आणि पालुपदासाठी आधीच नेमलेल्या व्यक्तीने उत्तर द्यावे. आमच्याकडे हे उत्तर देण्याचे काम नेहमी सर्वांत दूर असलेल्या भगिनीला दिले जाते.

प्रार्थनेचा क्रम आधी लिहून पाठवावा आणि त्यात नावे घालावीत. समोरासमोर बसलेले असताना कोणी घसा खाकरला तरी कळते की पुढची प्रार्थना कोण करणार. कॉलवर मात्र दोघी एकदम सुरू करतात, दोघी एकदम थांबतात, आणि मग कोणीच बोलत नाही. शांत प्रार्थनेची वेळ असेल तर ‘आता दोन मिनिटे आपण स्तब्ध राहू’ असे स्पष्ट सांगावे, अन्यथा कॉल तुटला असे समजून लोक बाहेर पडतात आणि पुन्हा जोडू लागतात.

वेळेबद्दल सांगायचे तर तुमच्या रात्री नऊला दुबईत साडेसात वाजलेले असतात. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात दुपारचे साडेतीन आणि उन्हाळ्यात साडेचार, कारण तेथे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलतात. तुमची परिचारिका भगिनी पाळीच्या कामावर असेल तर तिला दर बुधवारी येता येणार नाही. तिला विषय मात्र दर बुधवारी पाठवावेत, म्हणजे विश्रांतीच्या वेळेत ती ते देवापुढे मांडू शकेल.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. आजाऱ्याचे नाव आणि आजार त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या परवानगीशिवाय व्हॉट्सॲप गटावर लिहू नये. घरातील सभेत बोललेले शब्द त्या भिंतींमध्ये राहतात. गटावर लिहिलेला मजकूर तासाभरात दुसऱ्या शहरातील नातेवाइकांपर्यंत जातो, आणि प्रार्थनेच्या विनंतीची चर्चा होते. आमच्या गटावर आम्ही फक्त ‘एका भगिनीच्या शस्त्रक्रियेसाठी’ इतकेच लिहितो. देवाला तिचे नाव ठाऊक आहे.

उत्तर: सेमिनरी हिल्सची वाचक

मी कॅथलिक आहे, म्हणून आमच्याकडील एक पद्धत सांगते. तुमच्या मंडळीला ती जशीच्या तशी घेता येणार नाही, पण तिच्यामागची कल्पना उपयोगी पडेल. १८२६ मध्ये फ्रान्समधील लियों शहरात पोलीन जारिको या तरुणीने ‘जिवंत रोझरी’ सुरू केली. रोझरी म्हणजे माळेच्या मण्यांवर म्हटली जाणारी प्रार्थना; तिच्या प्रत्येक भागात येशू आणि मरिया यांच्या जीवनातील एका प्रसंगाचे मनन करतात, त्याला रहस्य म्हणतात. त्या काळी रोझरीत पंधरा रहस्ये होती. तिने पंधरा-पंधरा जणांचे गट केले आणि प्रत्येकाला एक रहस्य नेमून दिले. प्रत्येकाने आपल्या घरी रोज फक्त आपल्या वाट्याचा दशक (एका रहस्याचा दहा मण्यांचा भाग) म्हणायचा, आणि गटाची मिळून रोजची संपूर्ण रोझरी पुरी व्हायची. (२००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्ये जोडल्यापासून ती वीस झाली आहेत.) यात वेळ एक नसते, जागा एक नसते, तरीही एकाने आपला दशक चुकवला तर सर्वांची माळ अपुरी राहते, ही जाणीव प्रत्येकाला असते. तुम्हांला स्तोत्रे अशी वाटून घेता येतील.

टाळेबंदीच्या काळातील एक प्रसंगही येथे आठवतो. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे भारतात टाळेबंदी लागू झाली त्याच दिवशी, पोप फ्रान्सिस यांनी सर्व पंथांच्या ख्रिस्ती लोकांना रोमच्या वेळेनुसार दुपारी बारा वाजता प्रभूची प्रार्थना म्हणण्यास बोलावले होते. आपल्याकडे तेव्हा साडेचार वाजले होते. चर्चची दारे बंद होती, आणि तरीही जगभर त्या घटकेला तीच प्रार्थना म्हटली गेली.

उत्तर: हिंगणा रोडवरील एक पाळक

वरील सर्व उत्तरांशी मी सहमत आहे, आणि तरीही तुमच्या ज्येष्ठ बंधूंच्या बाजूने चार शब्द लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

दूर असलेल्या पौलाने थेस्सलनीकाकरांसाठी रात्रंदिवस प्रार्थना केली, हे खरे. पण तो मागत काय होता, ते पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात वाचा. त्यांचे तोंड पाहायला मिळावे, हेच त्याचे मागणे होते. योहानाच्या दुसऱ्या पत्रात लेखक म्हणतो की लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु कागद आणि शाई यांच्यापेक्षा त्याला समक्ष येऊन बोलायचे आहे, म्हणजे आनंद पूर्ण होईल. याकोबाच्या पाचव्या अध्यायात आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून त्याच्यावर प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. तेल लावायला हात लागतो. प्रभुभोजनाचेही तसेच आहे. एका भाकरीचे वाटेकरी होण्यासाठी ती भाकर मोडली जाते तेथे असावे लागते, असे माझे मत आहे, जरी काही मंडळ्यांनी टाळेबंदीत वेगळा निर्णय घेतला आणि मी त्यांच्यावर दोष ठेवीत नाही.

माझी खरी काळजी दुबईच्या कुटुंबाविषयी नाही. त्यांना दुसरा मार्गच नाही. काळजी त्यांच्याविषयी आहे जे सदरपासून दोन किलोमीटरवर राहतात आणि कॉल सोपा आहे म्हणून हळूहळू घरीच बसू लागतील. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात काही जणांना एकत्र मिळणे सोडण्याची सवय लागल्याची खंत आहे, आणि सवय अशीच लागते. म्हणून माझी सूचना अशी आहे की जे नागपुरात आहेत आणि चालूफिरू शकतात त्यांनी पूर्वीप्रमाणे एका घरी जमावे, आणि जे दूर आहेत त्यांनी त्या घराला कॉलने जोडून घ्यावे.

यात एक धोका आहे, तो आधीच लक्षात ठेवा. खोलीतील माणसे एकमेकांशी बोलू लागतात आणि फोनवरची माणसे प्रेक्षक होतात. त्यासाठी शास्त्रवाचन किंवा आशीर्वचनापूर्वीची शेवटची प्रार्थना दर वेळी दूरच्या कोणाकडे तरी द्यावी.

एक लहानसे निरीक्षण. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यामुळे आपल्याकडे छापील प्रार्थना वाचणारेही आहेत आणि मनातून सुचेल तशी प्रार्थना करणारेही आहेत. कॉलवर दुसऱ्या प्रकारची प्रार्थना लांबत जाते, कारण समोरचे चेहरे दिसत नाहीत. दूरच्या सभेत लहान, लिखित प्रार्थनांना थोडी अधिक जागा दिली तर कोणी नाराज होऊ नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर

काका, ताई आणि पाळकसाहेब, सर्वांचे मनापासून आभार. तुमची उत्तरे मी आमच्या ज्येष्ठ बंधूंना वाचून दाखवली. एपफ्रासाचा उल्लेख ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी पाळकसाहेबांच्या सूचनेला संमती दिली, परंतु सभा कोणाच्या तरी घरीच भरावी आणि कॉल त्या सभेला जोडलेला असावा, ही अट त्यांनी घातली. मला ती अट योग्य वाटते.

एक अडचण मात्र राहते. मोहन नगरातील आमच्या एका आजींकडे साधा फोन आहे आणि त्यांना ऐकूही कमी येते. त्या अंथरुणाला खिळलेल्या आहेत. प्रार्थना हेच त्यांचे आयुष्यभराचे काम होते, आणि त्याच आता या सर्वांतून वगळल्या जातील असे वाटते.

उत्तर: हिंगणा रोडवरील एक पाळक

आजींना कॉलवर आणण्याचा प्रयत्न करू नका. रविवारी उपासनेनंतर कोणीतरी त्यांच्याकडे जाऊन येणाऱ्या बुधवारचे स्तोत्र आणि प्रार्थनेचे विषय मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्यावेत, आणि त्यांचे विषय त्याच वेळी विचारून घ्यावेत. त्या अंथरुणावरून रोज त्या कागदासमोर प्रार्थना करू शकतील. आठवड्यातून एकदा जमणाऱ्यांपेक्षा त्यांचा वाटा मोठाच होईल. आणि जमेल तेव्हा बुधवारची सभाच त्यांच्या घरी भरवावी. खोली लहान असेल तर चौघांनीच जावे, त्यांच्या कानाशी बसून स्तोत्र वाचावे, बाकीच्यांनी त्या दिवशी फोनवरून यावे, आणि पुणे-दुबईच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावे की आज शेवटची प्रार्थना आजी करणार आहेत, त्यांना वेळ लागेल, कोणी मध्येच ‘आमेन’ म्हणू नये.